फासे न टाकलेला ठसा

एलिसा लोपीसला पगार मिळायचा तो संशय घेण्याचा. वसईच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती सत्तावीस वर्षं संगणकशास्त्र शिकवत होती आणि तिचा विषय होता गूढलेखन, म्हणजे दोघांमधली गोष्ट तिसऱ्याला कळू न देण्याचं गणित. या विषयात तिसरा माणूस आधी गृहीत धरावा लागतो. तो हुशार आहे, त्याच्याकडे वेळच वेळ आहे आणि त्याच्या मनात काळंबेरं आहे, असं मानूनच कामाला लागायचं असतं. इतकी वर्षं हे केल्यावर ती सवय घरी यायची राहत नाही. तिचा नवरा पीटर म्हणायचा, "आमची एलिसा मासळीवालीलासुद्धा विचारते, हे पापलेटच कशावरून?"

बाहेरच्या जगात याच सवयीला मान होता. परिषदांमध्ये तिची ओळख करून देताना सांगत, या बाईंनी आजवर अकरा योजना मोडल्या आहेत. योजना म्हणजे माहिती सुरक्षित ठेवायच्या गणिती पद्धती, आणि मोडणं म्हणजे त्यात कुठे भोक आहे ते सिद्ध करून दाखवणं. एलिसा हे सभ्यपणे करायची. भोक सापडलं की त्या माणसाला कळवायचं, नव्वद दिवस द्यायचे, मग छापायचं. अकरापैकी तिघे नंतर तिच्याशी बोलत नव्हते. तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

तिची स्वतःची योजना एकच, पण नामांकित. जन्मगावावरून तिने तिला 'निर्मळ' नाव दिलं होतं. विजेचा मीटर, दाराचं कुलूप असली लहान यंत्रं निरोप पाठवतात, तेव्हा तो निरोप त्यांचाच आहे हे सिद्ध करणारी सही कशी करायची, हे निर्मळ सांगे. ही सही खोटी करता येणार नाही, याची सिद्धता एलिसाने २००८ साली तेवीस पायऱ्यांत मांडली होती. सतरा वर्षांत जगभरच्या लोकांनी त्या पायऱ्यांवर डोकं आपटून पाहिलं, पण एकही ढळली नाही. आता कोणती योजना सगळ्या जगाने वापरावी हे ठरवणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय समितीपुढे तीन योजना उरल्या होत्या आणि त्यांतली एक निर्मळ होती. निकाल नाताळाआधी लागणार होता.

आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळचा चहा घेताना, एलिसाला तो ठसा दिसला.

या विषयातली मंडळी ज्या चर्चागटावर लिहितात तिथे 'कुणीतरी' अशा नावाने एक संदेश आला होता. मजकूर एवढाच: निर्मळबद्दल. नव्वद दिवसांनी उघडेन. खाली चौसष्ट अक्षरांची एक ओळ, ए-बी-सी आणि आकड्यांची खिचडी.

इतरांना ती खिचडी वाटली असती, एलिसाला मात्र तिचा अर्थ लगेच कळला. कुठलंही वाक्य एका ठरलेल्या सूत्रातून काढलं की चौसष्ट अक्षरांचा ठसा मिळतो. ठशावरून वाक्य परत काढता येत नाही. पण वाक्य कुणी सांगितलं, तर त्याचा ठसा काढून ते हेच की नाही, हे कुणीही ताडून पाहू शकतं. म्हणून संशोधकाला काही सापडलं आणि ते लगेच फोडायचं नसेल, तर तो वाक्याचा ठसा आज जाहीर करतो आणि वाक्य नंतर. मला हे त्या दिवशीच ठाऊक होतं, याचा तो पुरावा.

म्हणजे कुणालातरी निर्मळमध्ये भोक सापडलं होतं. किंवा सापडलं असं वाटत होतं. आणि ते भोक उघड होणार होतं जानेवारीत, समितीने निवड करून झाल्यावर.

"मला घोड्यावर बसवून मग पाडायचा बेत केलाय," ती पीटरला म्हणाली.

पीटर पडवीत केळीच्या पानांच्या जुड्या बांधत होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून वाडी तोच बघायचा. "कोणी?"

"तेच शोधायचंय."

खरं तर शोधायच्या आधीच तिच्या मनात एक नाव येऊन बसलं होतं.

स्वप्ना पेडणेकर तिच्याकडे पाच वर्षं पीएचडी करत होती. नालासोपाऱ्याला राहायची, वडील एका औषध कंपनीतून निवृत्त झालेले. निर्मळ लहान यंत्रांवर वेगाने कशी चालवायची, हा तिचा प्रबंध. निर्मळच्या तेवीस पायऱ्या एलिसाखालोखाल जगात कुणाला तोंडपाठ असतील तर या मुलीला. आणि गेला महिनाभर ही मुलगी बदलली होती. एलिसा प्रयोगशाळेत शिरली की लॅपटॉपचं झाकण खाली यायचं. डबा एकटी खायची. काय चाललंय विचारलं तर, "चालू आहे, मॅडम." एरवी हिच्या तोंडाला बूच लावावं लागायचं.

मंगळवार आणि गुरुवार स्वप्ना सातिवलीला जायची. तिथे विजेचे मीटर बनवणारा एक लहान कारखाना होता, त्यांच्या मीटरवर ती निर्मळच्या चाचण्या घ्यायची. त्या गुरुवारी दुपारी एलिसाने रिक्षा केली आणि सातिवली गाठली. गोदामांच्या रांगेत मीटरवाल्यांचा गाळा सापडायला वेळ लागला. गाळ्याचा कारभार बघणाऱ्या हंसाबेनने तिला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला.

"स्वप्ना आत आहे का?"

"स्वप्नाबेन? ती तर चार हप्ते झाले, आलीच नाही, मॅडम. मला बोलली, कॉलेजमध्ये अर्जंट काम आहे." हंसाबेनने चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हालाच बोलली नाही काय?"

"बोलली होती. मी विसरले," एलिसा म्हणाली. खोटं बोलताना तिला नेहमी आपला आवाज फार स्पष्ट वाटायचा.

"चाय मागवते."

"नको."

"घ्या हो. एवढं रागात जाऊ नये माणसाने. मुलगी चांगली आहे. आमच्या पोरांनी मीटरचा नंबर चुकीचा लिहिला की ओरडायची, बाकी एकदम चांगली."

चहा घेऊन एलिसा परतली. कॉलेजात सातिवली सांगायचं, सातिवलीत कॉलेज सांगायचं. मधल्या चार आठवड्यांत ही मुलगी कुठे होती आणि कुणाबरोबर? उरलेल्या दोन योजनांमागे मोठमोठ्या प्रयोगशाळा होत्या. पीएचडी संपत आलेल्या हुशार मुलीला नोकरीचं गाजर दाखवणं त्यांना काय अवघड?

तरीही पुराव्याशिवाय नाव घ्यायचं नाही, ही तिची शिस्त. तिने आधी जितेंद्रला फोन लावला. जितेंद्र तिचा पहिला विद्यार्थी, आता दक्षिणेत एका नावाजलेल्या संस्थेत प्राध्यापक.

"मॅडम! ठसा बघितला मी," तो पहिल्याच वाक्यात म्हणाला. "आणि तुमचा फोन आला. म्हणजे मी कितव्या नंबरचा संशयित?"

"दुसरा."

"फक्त दुसरा? अपमान आहे हा. पहिला कोण?"

"तू टाकलास का तो ठसा?"

"मला निर्मळमध्ये भोक सापडलं असतं ना, मॅडम, तर मी पेढे घेऊन वसईला आलो असतो. टोपणनावाने कशाला लपू? माझं प्रमोशन झालं असतं." मग त्याचा आवाज जरा उतरला. "पण एक विचारू? भोक आहे का?"

"नाही," एलिसा म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिच्या मनात पाल चुकचुकली. संशयिताने विचारावा असा प्रश्न हा नव्हता. उलट तो तिनेच स्वतःला सोमवारी विचारायला हवा होता, आणि तिने चार दिवस फक्त माणसं शोधली होती.

ठसा उघडायची एकच वाट होती, वाक्य ओळखणं. अनोळखी माणसाचं वाक्य ओळखणं अशक्य. पण एलिसाच्या प्रयोगशाळेत ठशाचं वाक्य लिहायची एक ठरलेली पद्धत होती, तिनेच घालून दिलेली: तारीख, शोधणाऱ्यांची आडनावं, योजना, पायरीचा क्रमांक. आणि शेवटी फाशांचे आकडे. सापशिडीचा फासा घेऊन तो चाळीस वेळा टाकायचा आणि आलेले आकडे वाक्याला जोडायचे. ते आकडे जोडले की वाक्य ओळखणं ब्रह्मदेवालाही जमणार नाही. फासे विसरले, तर मात्र पायऱ्या तेवीसच आणि नावं मोजकी, सगळ्या शक्यता संगणक एका दमात तपासतो. पहिल्या वर्षाची मुलं हमखास विसरायची, आणि एलिसा त्यांना सगळ्यांसमोर त्यांचंच वाक्य वाचून दाखवायची.

पाचव्या वर्षाची स्वप्ना फासे विसरणार नव्हती. तरी शोध तिथूनच सुरू करणं भाग होतं. तिने आजवरच्या सगळ्या विद्यार्थ्यांची यादी केली, एकेचाळीस नावं. पहिलं स्वप्नाचं. प्रत्येक नावापुढे तेवीस पायऱ्या. एकही ठसा जुळला नाही. मग वेगवेगळ्या जोड्या, आडनावं त्यांच्या क्षेत्रातल्या प्रथेप्रमाणे इंग्रजी अक्षरक्रमाने. अठरा हजारांवर वाक्यं झाली. त्यांतलंही एक जुळलं नाही. पुढच्या आठवड्यात तिने परदेशातल्या सात जणांची नावं घातली, ज्यांच्या योजना तिने मोडल्या होत्या त्यांचीही घातली. ते तिची पद्धत वापरणार नाहीत हे ठाऊक असूनही घातली.

ठसा दिसल्यावर अकरा दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, पडवीत लॅपटॉप मांडीवर घेऊन ती आणखी कुणाची नावं राहिली ते आठवत बसली होती. पीटर पाणी शिंपून आला, पाय धुतले आणि तिच्या खांद्यावरून डोकावला.

"हे कोण सगळे?"

"ज्यांच्यावर संशय आहे ते."

"बाप रे. अर्ध्या जगाला चोर केलंस तू." त्याने पंच्याने हात पुसले. "तू एकटी तेवढी साव, नाही का?"

तो आत गेला. एलिसा यादीकडे बघत राहिली. फाशांची पद्धत ज्यांना ठाऊक होती अशी माणसं एकेचाळीस नव्हती, बेचाळीस होती. बेचाळिसावी तीच. आणि या मुलखातले विद्यार्थी काहीही लिहिलं की आपल्या नावाशेजारी मार्गदर्शकाचं नाव घालतात, विचारून असो की न विचारता. इतकी साधी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली नव्हती, कारण संशयितांच्या यादीत स्वतःला घालायची तिच्यावर कधी वेळच आली नव्हती.

तिने 'लोपीस' टाइप केलं आणि कळ दाबली.

एक ओळ हिरवी झाली. त्या सोमवारची तारीख, लोपीस, पेडणेकर, निर्मळ, पायरी १४.

फासे नव्हते.

भोक कुठे आहे हे एकदा कळलं की ते सापडायला वेळ लागत नाही. तिने चौदावी पायरी उघडली. सही करताना यंत्र दरवेळी एक यदृच्छ, म्हणजे फासा टाकल्यासारखा येईल तो, आकडा घेतं. त्या आकड्याचा मागच्या आकड्याशी काही संबंध नाही, असं चौदाव्या पायरीत गृहीत धरलं होतं. आणि नवव्या पायरीत तिनेच लिहिलं होतं की वेळ वाचवण्यासाठी यंत्राने पुढचा आकडा मागच्यावरून काढावा. दोन पायऱ्या शेजारी ठेवल्या की शाळकरी पोरालाही दिसावं. त्यांच्यामध्ये चार पानं होती, म्हणून सतरा वर्षं कुणाला दिसलं नव्हतं. साधारण हजार सह्या गोळा केल्या तर मीटरची गुप्त किल्ली हातात येत होती, आणि मग त्याची सही कुणालाही खोटी करता आली असती.

दुपारचं जेवण तिने टाळलं. पीटरने ताटावर झाकण ठेवलं.

भोक बुजवायला नवव्या पायरीतली एक ओळ बदलली की पुरे होतं. पण समितीचा नियम कडक होता: शेवटच्या फेरीत अक्षर बदललं तरी योजना बाद. याचा अर्थ, एकतर आज कळवून निर्मळ मागे घ्यायची, नाहीतर नाताळापर्यंत गप्प राहायचं, निवड होऊ द्यायची आणि जानेवारीत दुरुस्ती जाहीर करायची. तोवर जगभरचे मीटर त्याच भोकासकट तयार होऊ लागले असते, हे तिने स्वतःशी मान्य केलं आणि तरीही तो दुसरा पर्याय तिने लगेच झटकला नाही. तो मनात चांगली पाच मिनिटं बसला.

मग तिला सापळा दिसला. जानेवारीत ठसा उघडला असता, तर त्यात तिचं नाव होतं आणि ऑक्टोबरची तारीख होती. एलिसा लोपीसला सगळं आधीच ठाऊक होतं, असंच जगाने वाचलं असतं. गप्प बसायची वाट या मुलीने आधीच बंद करून ठेवली होती. नाव घातलं ते आदराने, की दावणीला बांधायला?

तिने फोनवर स्वप्नाला ती ओळ जशीच्या तशी पाठवली. तारीख, दोन आडनावं, योजना, चौदा. बाकी काही नाही.

दोन मिनिटांनी उत्तर आलं: येते. डिपार्टमेंटला की घरी?

डिपार्टमेंट, एलिसाने लिहिलं.

स्वप्ना आली तेव्हा साडेतीन वाजले होते. तिने दार लावून घेतलं, पण बसली नाही.

"बस."

"उभीच बरी आहे, मॅडम. तुम्ही ओरडणार."

"सातिवलीला चार आठवडे गेली नाहीस. कुठे होतीस?"

"घरी. पायऱ्या तपासत. मम्मीला वाटलं मला नोकरी लागली, वर्क फ्रॉम होम." तिने ओठ दाबले. "सहा वेळा तपासलं. मला वाटत होतं मीच कुठेतरी चुकते आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, थांब, आधी मी बघते. आणि मी थांबले असते. तुम्ही बघता बघता नाताळ आला असता." स्वप्ना खाली बघून बोलत होती, पण आवाज हलत नव्हता. "मुद्दाम नाही हो. पण आला असता."

एलिसाला मघाची ती पाच मिनिटं आठवली. 

"फासे का टाकले नाहीस?"

"तुम्हाला उघडता यावं म्हणून. पहिल्याच आठवड्यात उघडाल असं वाटलं होतं." इथे तिला हसू आवरलं नाही. "अकरा दिवस लावलेत, मॅडम. कुणाकुणाची नावं घातलीत?"

"तो तुझा प्रश्न नाही."

"जितेंद्र सरांचं?"

"बस खाली."

स्वप्ना बसली.

"माझं नाव त्यात का घातलंस?" एलिसाने विचारलं. "खरं सांग. मान म्हणून, की मला गप्प बसता येऊ नये म्हणून?"

"दोन्ही," स्वप्ना म्हणाली. आणि पिशवीतून तिने एक निळ्या पुठ्ठ्याची वही काढून टेबलावर ठेवली. "पण तिसरंही एक आहे. ही तुम्हीच मला दिली होती, पहिल्या वर्षी. निर्मळचं कच्चं काम. पान एकसष्ट."

एलिसाने पान काढलं. तिचंच अक्षर, जरा जास्त घाईतलं. चौदावी पायरी. समासात पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे बारीक अक्षरात: नवव्याशी जुळतं का? नंतर बघू. खाली २००८ सालची तारीख. शोधनिबंध पाठवायच्या आदल्या दिवसाची.

ती आठवायला लागली. परिषदेची मुदत आठवली, विभागातला तेव्हाचा एकुलता प्रिंटर आठवला. प्रश्नचिन्ह आठवेना. आणि आठवत नाही यावर तिचा विश्वास बसेना. अकरा जणांना तिने विचारलं होतं की हे तुम्हाला खरंच दिसलं नव्हतं का, आणि अकराही जण नाही म्हणाले होते, आणि तिने एकाचंही खरं मानलं नव्हतं.

"शंका पहिल्यांदा तुम्ही काढलीत," स्वप्ना म्हणाली. "मी फक्त ती पुढे नेली. मग एकटीचं नाव कसं घालू?"

"ही वही आणखी कुणी बघितलीय?"

"कुणी नाही."

 बाहेर पॅसेजमध्ये कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"तुझा प्रबंध गेला, हे लक्षात आलंय ना?" एलिसा म्हणाली. "पाच वर्षं तू मोडक्या गाडीचा वेग वाढवत होतीस."

"आलंय. पप्पा रोज विचारतात, डॉक्टर कधी होणार. आता दोन वर्षं आणखी विचारतील."

"दीड. मोडण्याचाच प्रबंध कर. तेवढं मी बघेन."

"लिहून द्या," स्वप्ना म्हणाली. एलिसाने तिच्याकडे पाहिलं. मुलगी थट्टा करत नव्हती. एलिसाने कोरा कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या, सही करून तारीख घातली आणि तिच्यापुढे सरकवला. स्वप्नाने तो वाचला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

मग एलिसाने लॅपटॉप उघडला आणि समितीला पत्र लिहायला घेतलं. निर्मळ ही योजना मागे घेत आहोत, असं पहिलंच वाक्य. दुसऱ्या वाक्यात तिने लिहिलं की आमच्या गटाला चौदाव्या पायरीत दोष आढळला. खुर्ची ओढून शेजारी बसलेल्या स्वप्नाने पडद्यावर बोट ठेवलं.

"गटाला म्हणजे कुणाला? नावं घाला, मॅडम."

एलिसाने नावं घातली, आणि दोष नेमका कुठे आहे तेही लिहिलं. शेवटच्या परिच्छेदाशी ती थांबली. बराच वेळ कर्सर एकाच जागी लुकलुकत राहिला. मग तिने आणखी एक वाक्य लिहिलं: या दोषाची पहिली शंका माझ्या २००८ सालच्या वहीत माझ्याच हस्ताक्षरात नोंदलेली आहे, मी ती तेव्हा तपासली नाही.

स्वप्नाचा चेहरा उतरला. "हे नका लिहू. लोक म्हणतील तुम्ही सतरा वर्षं लपवलं."

"म्हणतील."

"पण तुम्ही लपवलं नव्हतं."

"तुला कसं ठाऊक?"

 स्वप्नाकडे पुरावा नव्हता. एलिसाकडेही नव्हता.

एलिसाने ते वाक्य तसंच ठेवलं आणि वहीच्या त्या पानाचा फोटो काढून पत्राला जोडला. एकदा वाचलं, एक स्वल्पविराम काढला, पाठवलं. झाकण मिटायला तिने हात पुढे केला.

"मॅडम," स्वप्ना म्हणाली, "एक मिनिट. गेलं का खरंच? मी बघू?"

एलिसाने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. स्वप्नाने पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला, सर्वांत वरच्या पत्रावर गेली आणि पहिल्या ओळीपासून जोडलेल्या फोटोपर्यंत सगळं पुन्हा वाचलं. समितीचा पत्ताही तिने एकेक अक्षर करून तपासला. तिचं संपेपर्यंत एलिसा हात मांडीवर ठेवून थांबली.